नेतृत्वाचे खरे भांडवल



नेतृत्व हा शब्द उच्चारला की व्यासपीठ, हारतुरे, सभा आणि अधिकारपद यांचे चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर उभे राहते. वस्तुतः महाराष्ट्रातील नेतृत्वाचा फार मोठा भाग या साऱ्यापासून दूर, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, शाळेच्या वर्गात, पंचायत समितीच्या बैठकीत आणि तहसील कचेरीतील टेबलामागे नित्य चाललेला असतो. सरपंच हा नेता आहे, गटविकास अधिकारी हा नेता आहे, आणि ज्याच्या शब्दावर चाळीस मुले उठतात-बसतात तो शिक्षकही नेताच आहे. तेव्हा प्रभावी नेतृत्वात नीतीला आणि व्यक्तिगत मूल्यांना स्थान कोणते, हा प्रश्न केवळ मंत्रालयाचा किंवा विधिमंडळाचा नाही. तो गावोगावच्या कारभाराचा प्रश्न आहे.

या प्रश्नाबाबत दोन टोकांची मते ऐकावयास मिळतात. सज्जनपणा ही घरी ठेवण्याची वस्तू असून कारभार सज्जनपणाने चालत नाही, असे एक मत. नेता सज्जन असला की पुरे, बाकी सारे आपोआप जमून येते, असे दुसरे. दोन्ही मते अनुभवाच्या कसोटीला उतरत नाहीत. पहिल्या मताप्रमाणे चालणाऱ्याचा कारभार काही काळ वेगाने धावतो व पुढे एकाएकी थबकतो. कारण त्याच्या शब्दावर कोणाचा भरवसा उरलेला नसतो. दुसऱ्या मताप्रमाणे चालणाऱ्याला लोक नमस्कार करतात, परंतु त्याच्या हातून काम होत नाही. या दोहोंमधून जाणारी वाट कोणती, याचा विचार महाराष्ट्राच्याच सार्वजनिक जीवनातील काही उदाहरणांच्या आधारे करणे उचित ठरेल.

विश्वास : एक व्यावहारिक बाब

व्यापाऱ्याला भांडवल लागते, शेतकऱ्याला बियाणे लागते, त्याप्रमाणे नेत्याला लोकांचा विश्वास लागतो. ही भावनेची बाब नाही, रोकड्या व्यवहाराची आहे. ग्रामपंचायतीने घरपट्टी वाढविण्याचा ठराव मांडला म्हणजे ग्रामस्थ मनातल्या मनात दोन प्रश्न विचारतात. हा पैसा जाणार कोठे, आणि सरपंचाने स्वतःची पट्टी भरली आहे काय? दोन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर वसुलीला फारसे श्रम पडत नाहीत. तशी नसतील तर नोटिसा, तगादे आणि जप्तीचे धाक यांत वर्ष निघून जाते. लसीकरण असो, श्रमदान असो, की पाणीवाटपाचा करार असो, जेथे विश्वास आहे तेथे एका शब्दावर काम होते, आणि जेथे तो नाही तेथे दहा परिपत्रके काढूनही होत नाही.

हा विश्वास भाषणांनी मिळत नाही. नेता एखादे मूल्य मानतो म्हणजे काय, हे लोक एकाच खुणेवरून ओळखतात. त्या मूल्यासाठी त्याने स्वतः काही मोजले की नाही, ही ती खूण होय. ज्या मूल्याची किंमत नेहमी दुसऱ्यानेच द्यावयाची असते, ते मूल्य नसून केवळ उपदेश असतो. तथापि तेवढेही पुरत नाही. मूल्यापोटी मिळालेला विश्वास नेत्याच्या व्यक्तिगत लौकिकात साठून राहिला, तर तो त्याच्याबरोबरच संपतो. तो नियमात, प्रथेत आणि संस्थेत गुंतविला गेला, तरच पुढच्या पिढीच्या उपयोगी पडतो. पुढील उदाहरणे या दोन गोष्टींच्या प्रकाशात पाहावयाची आहेत.

चूक मान्य करण्याचे धैर्य

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आज आदराने घेतले जाते. परंतु १८९७ साली त्यांच्यावर जो प्रसंग ओढवला, त्याने त्यांचे सार्वजनिक जीवन संपते की काय अशी स्थिती निर्माण झाली होती. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले होते. इकडे पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. घरोघर झडती घेण्यासाठी गोऱ्या शिपायांची योजना झाली होती आणि त्यामुळे लोकांत तीव्र संताप होता. शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा मजकूर पुण्याहून आलेल्या पत्रांत होता. गोखल्यांचा पत्रलेखकांवर भरवसा होता. त्यांनी तो आरोप इंग्लंडमधील वृत्तपत्राकडे बोलून दाखविला.

मुंबई सरकारने पुरावा मागितला. मायदेशी परतल्यावर गोखल्यांनी तो मिळविण्याचा प्रयत्न केला, परंतु उघडपणे साक्ष देण्यास कोणी पुढे येईना. पत्रे पाठविणाऱ्यांची नावे उघड करणे त्यांच्या हाती होते. तसे केले असते तर दोषाचा भार त्यांच्यावरून उतरला असता, परंतु त्या काळच्या वातावरणात पत्रलेखकांवर मोठे संकट आले असते. नावे सांगावयाची नाहीत आणि सिद्ध करता न आलेला आरोपही कायम ठेवावयाचा नाही, असा दुहेरी निर्णय त्यांनी घेतला. आरोप विनाअट मागे घेऊन त्यांनी जाहीर माफी मागितली.

या माफीची त्यांना जबर किंमत द्यावी लागली. राज्यकर्त्यांच्या बाजूने उपहास झाला, आणि स्वकीयांनी भित्रेपणाचा ठपका ठेवला. लोकांची घरे उघडी पडत असताना, देवघरापर्यंत बूट जात असताना, माफी कसली मागावयाची, असा संतप्त सवाल विचारला गेला; आणि त्या संतापात तथ्य होतेच. प्लेगच्या बंदोबस्तातील जाच खोटा नव्हता. गोखल्यांपुढे प्रश्न मर्यादित होता. जे सिद्ध करता येत नाही, ते आपल्या नावाने बोलत राहावयाचे काय? त्यांनी नकारार्थी उत्तर दिले आणि नंतर पुण्यातील प्लेगनिवारणाच्या कामात स्वतःला वाहून घेतले.

पुढे १८९९ साली ते मुंबईच्या कायदेमंडळात आणि १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात गेले. १९०२ च्या अर्थसंकल्पावरील त्यांच्या भाषणाने सरकारी शिलकीचा भ्रम दूर केला. तिजोरीत शिल्लक दिसते ती भरभराटीमुळे नसून गरिबांवर कराचा बोजा अधिक असल्यामुळे आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. मिठावरील कर कमी करावा ही त्यांची आग्रहाची मागणी होती, आणि १९०३ साली तो कमी झाला. गोखल्यांचा आकडा म्हणजे तपासून घेतलेला आकडा, हा लौकिक विरोधकांनीही मान्य केला. १८९७ च्या प्रसंगाने त्यांना दिलेली शिस्त त्या लौकिकाच्या मुळाशी होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आजच्या कारभारात या उदाहरणाचे महत्त्व विशेष आहे. ग्रामसभेत एखाद्या कर्मचाऱ्यावर आरोप करणारा सदस्य, शेरा लिहून मोकळा होणारा अधिकारी, किंवा भरल्या वर्गात मुलाला चोर म्हणणारा शिक्षक, या प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याची अब्रू असते. चुकीचा शब्द तोंडातून गेला तर तो ज्या ठिकाणी उच्चारला त्याच ठिकाणी परत घेणे, हे दुर्बलतेचे लक्षण नाही. वर्गासमोर दिलेला ठपका शिक्षक-खोलीत हळूच मागे घेतला, तर मुलाच्या कपाळावरचा डाग तसाच राहतो.

पदाहून मोठी गोष्ट

पद सोडण्याची तयारी ही मूल्यनिष्ठेची दुसरी कसोटी. १९५६ हे वर्ष या दृष्टीने संस्मरणीय आहे. त्या वर्षी जुलै महिन्यात केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील नाते या गावी जन्मलेले देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते आणि १९५० पासून देशाचा अर्थव्यवहार सांभाळीत होते. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाशी ते सहमत नव्हते. हा निर्णय ज्या पद्धतीने घेण्यात आला, तिच्याविषयीही त्यांचा आक्षेप होता. मुंबईत झालेल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी होत नाही, याची त्यांना खंत होती. हे सारे त्यांनी लोकसभेत स्पष्टपणे मांडले आणि पद सोडले.

त्याच वर्षी २३ नोव्हेंबर रोजी तामिळनाडूतील अरियालूरजवळ भीषण रेल्वे अपघात झाला. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. इंजिन ते चालवीत नव्हते, पूल त्यांनी बांधला नव्हता. परंतु खात्याच्या यशाचे श्रेय ज्याच्याकडे जाते, त्याने अपयशाचाही वाटा उचलला पाहिजे, हे तत्त्व त्यांनी आचरून दाखविले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक राजीनामा मूल्यापोटी दिलेला असतोच असे नाही. कित्येकदा तो रुसव्यातून येतो, कधी तो दडपण आणण्याचे साधन असतो, तर कधी चौकशी टाळण्याची पळवाट. फरक पुढील वर्तनातून कळतो. देशमुखांनी मंत्रिपद सोडले, सेवा सोडली नाही. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी १९६१ पर्यंत काम केले. शासकीय सेवकाला अथवा सरपंचाला मतभेदापोटी दर वेळी पद सोडणे शक्य नाही व इष्टही नाही. परंतु न पटलेल्या निर्णयावर आपले भिन्न मत कारणांसह लेखी नोंदविणे, हे प्रत्येकाला शक्य आहे. सभेच्या कार्यवृत्तात सदस्याने आपला विरोध नोंदवून घेणे ही लहान गोष्ट वाटते, परंतु अनेकदा तेवढ्या चार ओळीच पुढे गावाच्या उपयोगी पडतात.

प्रारंभ स्वतःपासून

संत गाडगेबाबांना कोणतेही पद नव्हते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेला हा पुरुष हाती खराटा घेऊन गावात शिरे, आधी रस्ते झाडी आणि रात्री कीर्तनाला उभा राही. दिवसा स्वतःच्या हातांनी झाडलेल्या रस्त्यावरच रात्री श्रोते बसत. त्यामुळे स्वच्छता, शिक्षण, कर्जातून मुक्तता आणि देवापुढील पशुहत्येचा निषेध या विषयांवरील त्यांचे बोलणे कोणालाही कोरडे वाटले नाही. लोकांनी त्यांच्या हाती लक्षावधी रुपये विश्वासाने दिले. त्या पैशातून धर्मशाळा, सदावर्ते व शाळा उभ्या राहिल्या. बाबा स्वतः मात्र गोधडी आणि गाडगे एवढ्यावरच राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आपण उभे केलेले आपल्या हाताखाली राहिले पाहिजे, हा मोह भल्याभल्यांना सुटत नाही. तो त्यांना शिवला नाही.

याउलट राजर्षी शाहू महाराजांच्या हाती राज्याची सारी सत्ता होती. तरीही ज्या गोष्टी हुकमाने साधत नाहीत, त्या त्यांनी स्वतःच्या आचरणाने साधल्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले. दुकान निघाले, पण गिऱ्हाईक फिरकेना. महाराज त्या दुकानासमोर आपली गाडी थांबवून चहा मागवू लागले. तो स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही देत. दरबारी मंडळींना नाही म्हणणे शक्य नव्हते. शतकांच्या शिवाशिवीवर एका कप चहाने केलेला हा आघात कोणत्याही जाहीरनाम्याहून परिणामकारक होता.

महाराज केवळ चहावर थांबले नाहीत, हे मात्र विसरता कामा नये. २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानाने हुकूम काढून नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या वेळी महाराज इंग्लंडमध्ये होते. ते स्वतः उपस्थित नसतानाही अंमलात यावा असा तो आदेश होता. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय त्यांनी १९१७ साली घेतला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली हेच केले होते. नामदार गोखल्यांनी असेच विधेयक १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात मांडले होते आणि १९१२ साली ते तेथे फेटाळले गेले होते. कलकत्त्याच्या सभागृहात हरलेले मूल्य कोल्हापूरच्या खेड्यांत शाळा होऊन उभे राहिले. मूल्याचा पराभव बहुधा तात्पुरता असतो, फक्त ते उचलून धरणारा पुढचा हात मिळावा लागतो.

मूल्याचे नियमात रूपांतर

स्वतंत्र महाराष्ट्राच्या घडणीत या विचाराची दोन ठळक उदाहरणे सापडतात. पहिले पंचायत राज्याचे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. राज्य स्थापन होऊन अवघी दोन वर्षे झाली होती. नव्या राज्याचा प्रमुख सत्ता आपल्या हाती एकवटू पाहील, हीच सामान्य अपेक्षा. येथे उलट घडले. शिक्षण, आरोग्य, शेती, रस्ते अशी लोकांच्या रोजच्या जीवनाशी निगडित कामे जिल्ह्याकडे सोपविण्यात आली. खासदार, आमदार व जिल्हाधिकारी यांना जिल्हा परिषदेच्या रचनेबाहेर ठेवून तेथे स्थानिक नेतृत्वाला वाव दिला गेला. आपला अधिकार दुसऱ्याच्या हाती देणे हे नेत्याच्या मूल्यांचे फार कठीण रूप आहे.

दुसरे उदाहरण रोजगार हमीचे. सांगली जिल्ह्यातील विसापूरचे वि. स. पागे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. काम करण्याची तयारी असूनही ज्याच्या हाताला काम नाही त्याला काम देणे हे समाजाचे कर्तव्य होय, अशी त्यांची धारणा होती. तासगाव तालुक्यात १९६५ साली प्रयोग झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या शासनाने दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये त्या कामांवरील मजुरांची संख्या सुमारे पन्नास लाखांपर्यंत पोहोचली. ही कामे म्हणजे दुष्काळापुरता दिलासा होता. पाग्यांना हवा होता तो कायमचा हक्क. त्यासाठी पैसा लागणार होता, आणि १९७५ च्या व्यवसाय करातून शहरातील पगारदार, व्यावसायिक व व्यापारी यांनी खेड्यातील मजुराच्या कामासाठी वाटा उचलला. १९७७ साली सर्व पक्षांच्या पाठिंब्याने रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, न मिळाल्यास बेकारी भत्ता, अशी हमी त्यात होती. २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव देशापुढे होता.

एका माणसाच्या मनातील करुणेपासून अधिनियमाच्या कलमापर्यंतचा हा प्रवास अभ्यासण्याजोगा आहे. पाग्यांनी करुणा भाषणात मांडून सोडून दिली नाही. तिचा हिशेब केला, लहान क्षेत्रात ती पडताळून पाहिली, तिच्यासाठी उत्पन्नाचे साधन शोधले आणि मग तिला कायद्याचे बळ दिले. मजूर कोणत्या पक्षाचा, कोणाच्या ओळखीचा, हा प्रश्न त्यामुळे कायद्यापुरता तरी गैरलागू झाला.

गावाचा एक धडा

अधिनियम करण्याचा अधिकार सर्वांना नसतो. परंतु गावाचा नियम करणे गावाच्या हाती असते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे कमी पावसाच्या टापूतील गाव. पाण्याची टंचाई, स्थलांतर, दारू आणि भांडणे यांनी ते खंगलेले होते. १९८९ नंतर सरपंच पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तेथे काम सुरू झाले आणि १९९४ च्या सुमारास गाव आदर्श गाव योजनेत आले. डोंगरउतारावर चर खोदणे, बांध घालणे, झाडे लावणे ही कामे इतरही अनेक गावांत झाली आहेत. हिवरे बाजारचे वेगळेपण गावाने स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांत आहे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि श्रमदान गावाने स्वीकारले. शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही, आणि उसासारखी अफाट पाणी पिणारी पिके टाळावयाची, हेही ठरले. पुढे पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पडली. पाऊस कमी तर पिकांची निवडही त्याप्रमाणे.

यातील मर्म असे की, ही बंधने सर्वांना सारखी होती. सरपंचाच्या शेतात विंधनविहीर आणि शेजाऱ्याला बंदी, असे एकदा जरी घडले असते तरी तो नियम दुसऱ्या दिवशी मोडला असता. पाणी जमिनीखाली दिसत नाही. दिसतो तो शेजाऱ्याचा संयम. शेजारी पाळतो म्हणून आपण पाळावयाचे, आणि पुढारी सर्वांत आधी पाळतो म्हणून शेजाऱ्याने पाळावयाचे, अशी ही साखळी असते. तिची पहिली कडी नेत्याच्या घरात असते.

निष्कलंक, पण निष्क्रिय

आता एका अप्रिय बाबीकडे वळले पाहिजे. पैशाला न शिवणारा, वेळेवर कार्यालयात येणारा, पण कोणत्याही कागदावर निर्णय न घेणारा अधिकारी सर्वांच्या परिचयाचा आहे. निर्णय घेतला तर चूक होईल, चूक झाली तर चौकशी लागेल, म्हणून तो प्रत्येक प्रकरणावर आणखी एक शंका काढतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली अर्ज केलेली विधवा तालुक्याच्या गावी चार खेपा घालते. प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी जाते. तिच्या दृष्टीने लाच घेणारा आणि निर्णय न देणारा यांच्यात अंतर किती उरते? एक तिच्याकडून रोख घेतो, दुसरा तिचे दिवस घेतो.

प्रामाणिकपणा हा नेतृत्वाचा पाया आहे, इमारत नाही. त्यावर जाणकारी, तत्परता आणि निर्णयाची जोखीम पत्करण्याची वृत्ती यांच्या भिंती उभ्या राहाव्या लागतात. सद्हेतूने, नियम पाहून, कारणे लिहून घेतलेल्या निर्णयाचे रक्षण करणे हे वरिष्ठांचेही नैतिक कर्तव्य आहे. ते पार पडले नाही तर हाताखालची सज्जन माणसे भित्री होतात. लोकसेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क महाराष्ट्रात २०१५ च्या अधिनियमाने दिला. विलंब हाही अन्याय आहे, हे तत्त्व त्यामुळे कायद्याने मान्य केले.

दोन मूल्यांची गाठ पडते तेव्हा

चांगले आणि वाईट यांतून निवड करणे तुलनेने सोपे असते. खरी परीक्षा दोन चांगल्या गोष्टींची गाठ पडते तेव्हा होते. रोजगार हमीच्या कामावर एक वृद्ध स्त्री येते. खोदकाम तिला झेपत नाही, घरी मिळवते कोणी नाही. मुकादम दयाळू असेल तर तो हजेरीपटावर तिच्या नावापुढे पूर्ण दिवस मांडतो. यात त्याचा स्वार्थ काहीच नाही. तरीही नोंद खोटी आहे, आणि आज दयेपोटी खोट्या नोंदीला सरावलेला हात उद्या ओळखीपोटी व परवा पैशापोटी तीच नोंद करू शकतो. मग त्या स्त्रीला परत पाठवावयाचे काय? तसेही नाही. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचे पाणी पुरविणे, मजुरांची लहान मुले सांभाळणे, ही कामे नियमानेच दिलेली होती. ते काम तिला देता येते. हजेरी खरी राहते आणि चूलही पेटते. करुणेला खोट्या कागदाची गरज नसते. नियमात तिच्यासाठी ठेवलेली जागा शोधण्याइतका नियमांचा अभ्यास मात्र लागतो. नियमपुस्तक न वाचणारा सज्जन मनुष्य म्हणूनच पुष्कळदा अनवधानाने अन्याय करून बसतो.

कायद्याच्या वरची रेषा

१९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम सदस्याच्या वर्तनाची किमान मर्यादा सांगतो. पंचायतीच्या कामात अथवा कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरतो. मागणी होऊनही मुदतीत कर न भरणारा सदस्यही अपात्र ठरतो. ही खालची रेषा झाली. तिच्याखाली गेल्यास पद जाते. नीतीचा प्रांत या रेषेच्या वर सुरू होतो.

घरकुलाच्या यादीत सरपंचाच्या चुलतभावाचे नाव नियमाप्रमाणे बसत असेल, तर ते काढून टाकणे हाही अन्यायच. परंतु यादी ग्रामसभेत वाचली जात असता नाते उघड सांगणे, त्या नावाच्या चर्चेत आपण भाग न घेणे आणि निर्णय सभेवर सोपविणे, हे कोणत्याही कलमाने सांगितले नसले तरी करता येते. झालेल्या कामाचा खर्च, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि मक्तेदाराला दिलेली रक्कम कोणी माहिती अधिकाराचा अर्ज करण्यापूर्वीच फलकावर लावता येते. शाळेतील पोषण आहाराचा साठा पालकांसमोर मोजता येतो. शिक्षकाने उशीर झाल्यास विद्यार्थ्यांसमोर तसे सांगून हजेरीपत्रकात खरी वेळ लिहिता येते. या बाबी क्षुल्लक वाटतील. परंतु मुलांच्या मनात सत्याची कल्पना पाठ्यपुस्तकातील धड्यापेक्षा गुरुजींच्या सहीवरून अधिक बनते.

२४ एप्रिल १९९३ पासून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात आली आणि पंचायतींना घटनेचे अधिष्ठान मिळाले. त्यानंतर लक्षावधी स्त्रिया व मागास वर्गांतील कार्यकर्ते कारभारात आले. त्यांच्यापैकी अनेकांच्या पाठीशी घराण्याची पुण्याई नाही, पैशाचे बळ नाही. विश्वास हे एकच भांडवल असे आहे की, जे वारशाने मिळत नाही आणि बाजारात विकतही मिळत नाही. ते गरिबातल्या गरीब सदस्यालाही जमविता येते. सही करण्यापूर्वी कागद वाचून दाखवा म्हणणारी, आणि पतीच्या अगर पुढाऱ्याच्या सांगण्यावरून कोऱ्या धनादेशावर सही करण्यास नकार देणारी महिला सरपंच, गोखल्यांच्या आणि देशमुखांच्या परंपरेतलीच आहे. तिने मोजलेली किंमतही कमी नसते. रोष तिला त्याच गावात, त्याच घरात सोसावा लागतो. अशा वेळी तिच्या बाजूने ग्रामसभेत एक जण जरी उभा राहिला, तरी त्या गावात नेतृत्वाची दुसरी पिढी तयार होऊ लागली असे समजावे.

पदे पाच वर्षांनी बदलतात, अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, शिक्षक सेवानिवृत्त होतात. मागे राहतात त्या दोनच गोष्टी, दप्तरातील नोंदी आणि लोकांच्या मनातील आठवण. या दोहोंत जेथे अंतर पडत नाही, तेथे नेतृत्व प्रभावी झाले असे म्हणावयाचे. महाराष्ट्राच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत, प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक कचेरीत असे नेतृत्व घडावे, हीच या प्रसंगी सदिच्छा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!